पान झालं की आप्पांना फोन करा

कारखान्याचा भोंगा ऐकू येणं वाऱ्यावर असतं. वारा नदीकडून आला तर वडगाव रासाईत आमच्या ओट्यावर तो चक्क ऐकू येतो, नाहीतर नुसता भास होतो. यंदा दिवाळी झाल्यावर मी शिरूरहून दोन दिवसांसाठी घरी गेले, तर आप्पा ओट्यावर खुर्ची टाकून बसलेले. मी पिशवी खाली ठेवायच्या आत त्यांनी विचारलं, वाजला का गं? कानाचं मशीन त्यांच्या शर्टाच्या खिशात होतं. मशीन खिशात ठेवून भोंग्याची वाट बघणारा माणूस पंचक्रोशीत दुसरा नसेल. मी म्हटलं, वाजला की, मघाशीच. खरं तर मी एसटीत होते आणि मला काही ऐकू आलं नव्हतं. पण मांडवगण फराट्याच्या अलीकडे उसाच्या दोन ट्रॉल्यांनी आमची एसटी चांगली पंधरा मिनिटं अडवून धरली होती, म्हणजे हंगाम लागला यात शंका नव्हती.

त्याच खिशात आप्पांचा फोन असतो. बटणांचा, मागचं झाकण सुटतं म्हणून रबर लावलेला. बोलता बोलता ते दोनदा तो काढून बघतात आणि परत ठेवतात. मी आत गेले तेव्हा आईनं चुलीपुढून मान वळवून हळूच सांगितलं, "यंदा एक बी न्हाई आला अजून." काय आला नाही ते मला विचारावं लागलं नाही. आमच्या घरात हंगामाच्या दिवसांत एकाच गोष्टीची वाट बघितली जाते. ज्यांना मी आयुष्यात कधी पाहिलं नाही असे माझे विद्यार्थी आप्पांना फोन करतात. गेली कित्येक वर्षं करतात. गेल्या वर्षी जेमतेम तीन आले. यंदा फोन मुका आहे, आणि आप्पा रोज सकाळी तो चार्जिंगवरून काढून पुसून खिशात ठेवतात. ते बघून मला कसंतरी झालं. कुणाला तरी सांगून एक फोन करवावा, असंही मनात येऊन गेलं.

संध्याकाळी वारा फिरला आणि मळीचा वास आला. आंबूस, गोडसर, नाकात चिकटून बसणारा. पुण्याला नांदायला गेलेल्या माझ्या मैत्रिणी माहेरी आल्या की या वासानं नाकाला पदर लावतात. मला तो आला की बरं वाटतं. दोरीवरच्या कपड्यांवर काजळीचे काळे ठिपके, सायकलला मागं बांधलेला गुरांसाठीच्या उसाच्या वाढ्यांचा भारा, ट्रॅक्टरवर लावलेली गाणी, जी गाडी गेल्यावरही वळणापर्यंत ऐकू येतात, नदीकडच्या माळावर तोडणी कामगारांच्या कोप्या आणि त्यांच्या चुलींचा धूर. उसाचं वाळलेलं पाचट पेटवलं की आभाळातून उडत येणारी राखेची लांबट पानं. ती झेलायला लहानपणी आम्ही धावायचो. हातात घेतली की नाहीशी व्हायची.

मला आठवतो तो एकच हंगाम. बाकीचे सगळे त्याच्यात मिसळून गेलेत.

दहा-बारा वर्षं झाली असतील. शिरूरच्या कॉलेजातून मी बीसीए झाले होते आणि घरी बसले होते. आप्पा कारखान्यात चिटबॉय होते. म्हणजे कुणाच्या उसाला कधी तोड लागणार त्याच्या चिठ्ठ्या गावोगाव देणारा माणूस. वय अठ्ठावन्न, मिशा पांढऱ्या आणि हुद्दा बॉय. आई त्यांना यावरून चिडवायची. तो त्यांचा शेवटचा हंगाम होता, पट्टा पडला की म्हणजे गाळप संपलं की निवृत्त. रांजणगावच्या एका कंपनीत स्टोअरला माझ्यासाठी त्यांनी कुणाला तरी सांगून ठेवलं होतं. मी नाही म्हणत होते. मला वेबसाइटी करायच्या होत्या आणि त्याहून जास्त त्या कशा करायच्या हे मराठीत लिहायचं होतं. आप्पांना यातलं काही कळत नव्हतं, पण त्यांनी आरडाओरडा केला नाही. ते एवढंच म्हणाले, "पट्टा पडस्तवर काय करायचं ते कर. मग मी सांगंल ते." झालं. माझ्या हातात एक हंगाम होता. उसासारखाच, किती दिवस उभा राहणार ते ठरलेलं.

आमच्या घरात नेट यायचं ते फक्त स्लॅबवर, पाण्याच्या टाकीच्या दक्षिण बाजूला. मी लांब वायर लावून डोंगल कपड्यांच्या दोरीवर चिमट्यानं अडकवत असे. काजळी बसू नये म्हणून त्याला दुधाच्या पिशवीचं टोपडं. दुपारी लाइट आली की मी टाकीच्या सावलीला पोतं टाकून बसायची आणि आई वाळवण उलटायला वर आली की विचारायची, मासा लागला का गं गळाला?

मी शिकले होते तेही फुकटच. कॉलेजात सर पुस्तक वाचून दाखवायचे, मग आम्ही ते वहीत उतरवायचो. खरं शिकवलं ते परदेशातल्या कुठल्या कुठल्या माणसांनी, ज्यांनी आपलं ज्ञान नेटवर मांडून ठेवलं होतं आणि त्याबद्दल कुणाकडून काही मागितलं नव्हतं. त्यांची इंग्रजी मी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचली. तेव्हाच मनात आलं की माझ्यासारख्या कुणा पोरीला एवढा आटापिटा करायला लागू नये. आईला मी हे सांगितलं तेव्हा मला वाटलं ती म्हणेल, फुकट कशाला? ती म्हणाली, गुऱ्हाळावर रस प्यायला गेलं तर कुणी पैसं घेतं का? विषय संपला. आमच्याकडे गुऱ्हाळावर आलेल्याला रस द्यायचा असतो, तो ओळखीचा असो नसो. मला माझ्या उद्योगासाठी एवढं कारण पुरलं.

मी धडे लिहायला लागले. धडा पहिला, धडा दुसरा. पानावरचा प्रत्येक चौकोन म्हणजे एक वाफा, असं मी लिहिलं. वाफ्याला बांध असतो. बांधाच्या आत पिकापर्यंत थोडी जागा मोकळी सोडतात ती वेगळी, आणि दोन वाफ्यांच्या बांधांमध्ये चालायला वाट ठेवतात ती वेगळी. इंग्रजी पुस्तकात ज्या गोष्टीनं माझे चार दिवस खाल्ले होते ती लोकांना एका दुपारी कळायला लागली. खाली एकानं लिहिलं होतं की आमच्याकडे दोन बांधांमध्ये वाट नसते, कोर्टाची तारीख असते. मी एकटीच टाकीला टेकून हसले. सगळे मला सर म्हणायचे. सर, धडा तिसरा छान. सर, पुढचा कधी? मी साइटवर नाव टाकलं नव्हतं आणि कुणाची चूकही दुरुस्त केली नव्हती.

मग चित्रं. नेटवर फुकट मिळणारी छोटी छोटी चित्रं असायची त्यात कॉफीचे कप, उंच इमारती आणि टाय लावलेली माणसं. कांद्याची गोणी कुठून आणायची? मी स्वतः काढायला बसले. गोणी, ट्रॉली, हंडा, पाण्याची मोटार, मांडव, गाय. गाय पहिल्यांदा कुत्र्यासारखी झाली. आप्पा जेवताना तिच्याकडं बघून म्हणाले की हिला कान मोठे कर आणि पोट सोड. तेवढाच त्यांचा माझ्या कामाशी संबंध. सगळी चित्रं आणि एक तयार नमुन्याचं पान मी एकत्र बांधून धड्यांखाली ठेवलं. ज्याला हवं त्यानं न्यावं. दुकान असो, क्लास असो, रोपवाटिका असो, हाच नमुना घेऊन शिका, असं लिहिलं. आणि पहिल्याच धड्यात ठळक अक्षरात सूचना टाकली: जसंच्या तसं उतरवा. एक अक्षरही बदलू नका. बदलायचं कसं ते आपण नवव्या धड्यात शिकू.

मी सहाव्या धड्यावर होते.

आप्पांचा फोन हंगामात पहाटेपासून वाजायचा. आप्पा, आमची तोड कवा? आप्पा, शेजारच्याची झाली, आमची का न्हाई? कुणी रडकुंडीला आलेलं, कुणी शिव्या द्यायच्या बेतात. आप्पा कधी चढ्या आवाजात बोलल्याचं मला आठवत नाही. ते तारीख सांगायचे, तोडणीची टोळी कुठं अडकली ते सांगायचे आणि जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणायचे. फोन केलेल्या माणसाला काहीतरी खरं हातात दिल्याशिवाय ठेवायचा नाही, असा त्यांचा नेम होता. आई म्हणायची, हा फोन न्हाई, गावाची घंटा हाय, येईल तो बडवतो.

पौष लागला असेल. एका संध्याकाळी आम्ही जेवत होतो. आप्पांनी भाकरी मोडली आणि सहज विचारावं तसं विचारलं, "अर्चू, आपण मंडप कवापासून टाकायला लागलो?"

मला कळेना. ते म्हणाले, तिकडं करमाळ्याकडून कुणाचा तरी फोन आला, माघातल्या लग्नाला मंडप पाहिजे म्हणून. कालच्याला एक बाई विचारत होती, दहावीच्या गणिताची बॅच किती वाजता असते. त्याच्या आदल्या दिवशी एकाला डाळिंबाची रोपं हवी होती. आई म्हणाली की कुणीतरी थट्टा करतंय. आप्पा म्हणाले, थट्टा न्हाई, माणसं गरजू वाटली. मंडपवाल्याला मी सांगितलं की मांडवगणातला एक जण माझ्या माहितीचा हाय, पण एवढ्या लांब येणार न्हाई तो.

ताट तसंच ठेवून मी स्लॅबवर गेले आणि नमुन्याचं पान उघडलं. तळाशी, संपर्क या शब्दापुढं, आप्पांचा नंबर. दुसरं कुठलंही शहाणं माणूस तिथं एक-दोन-तीन-चार लिहितं, नाहीतर दहा शून्यं. मी खराखुरा नंबर टाकला होता आणि टाकताना विचारही केला नव्हता. पाचवीपासून शिष्यवृत्तीचा फॉर्म, एसटीचा पास, लायब्ररी, कॉलेजचा प्रवेश, जिथं जिथं नंबर विचारला तिथं मी आप्पांचा लिहिला होता. आमच्याकडच्या सगळ्याच पोरी लिहितात. मुलीनं आपला नंबर कुठं द्यायचा नसतो हे कुणी शिकवावं लागत नाही, बोटांनाच माहीत असतं. आणि माझे विद्यार्थी पडले माझ्यासारखेच शाळेत उतरवून घेत मोठे झालेले. एक अक्षरही बदलू नका म्हटल्यावर त्यांनी दुकानाचं नाव तेवढं स्वतःचं घातलं, कारण त्याशिवाय पान कसलं, आणि बाकी सगळं इमानदारीनं जसंच्या तसं ठेवून नेटवर चढवलं. अर्ध्या महाराष्ट्रातल्या धंद्यांच्या तळाशी आमचे आप्पा बसले होते.

मी खाली येऊन सगळं सांगितलं. रडवेली झाले होते. पट्टा पडायला थोडेच आठवडे राहिले होते आणि माझ्या हातून दाखवण्यासारखं काय झालं, तर हे. आप्पांनी ऐकून घेतलं, हात धुतले आणि विचारलं की मग त्या मंडपवाल्याचा खरा नंबर मिळंल का? म्हणजे त्यांना राग यायचा तो आलाच नव्हता. त्यांचं मन त्या करमाळ्याच्या लग्नात अडकलं होतं.

पुढचे काही दिवस आम्ही दोघं कामाला लागलो. आप्पा फोन घ्यायचे, माणसाचं नाव-गाव आणि कोणतं पान बघून फोन केला ते चिठ्ठीच्या पाठीवर लिहायचे. मी ते पान शोधायची, ज्यानं केलं त्याला मेल टाकायची, त्याचा नंबर मिळवायची आणि आप्पा तो परत फोन करून त्या माणसाला द्यायचे. मंडप लागला. गणिताची बॅच मिळाली. एक दिवस दौंडहून एका बाईंचा फोन आला, त्यांना धडा सहावा अडला होता. सर आहेत का, त्यांनी विचारलं. आप्पा म्हणाले की मी सर न्हाई, मी उसाच्या चिठ्ठ्या देतो. मग फोन माझ्यापुढं धरून शांतपणे म्हणाले, घे, सर.

त्या करुणाताई. दौंडला विहाराच्या बाजूच्या खोलीत त्या पोरांसाठी अभ्यासिका चालवायच्या. स्पर्धा परीक्षेच्या नोट्स हातानं लिहून झेरॉक्स वाटत होत्या, आता नेटवर टाकायच्या म्हणून स्वतः शिकत होत्या. सर बाई निघाल्याचं ऐकून एवढ्या हसल्या की पलीकडं रेल्वेची घोषणा चालली होती तीही ऐकू येईना. नंतर मी दौंडला जाऊन त्यांना भेटले. भिंतीला टेकून ओळीनं पोरं-पोरी बसलेली, मधल्या कोनाड्यात एक कॉम्प्युटर, त्यावर माझा वाफा. मी काढलेली गाय त्यांनी कशाला तरी वापरली होती. कशाला ते आता आठवत नाही, पण कान मोठे होते.

मी नवव्या धड्याची पाळी यायची वाट न बघता तो आधीच लिहिला, नमुन्यात शून्यं टाकली आणि सगळ्यांना कळवलं. फोन कमी होत गेले. त्याच सुमारास फडही रिकामे व्हायला लागले होते. ऊस गेला की गाव एकदम उघडं पडतं. महिनोन्महिने न दिसलेली लांबची घरं दिसायला लागतात, आणि उसातले बिबटे कुठं गेले असतील म्हणून आई संध्याकाळी अंगणातसुद्धा काठी घेऊन निघते. शेवटच्या ट्रॉलीला हार घातले, गुलाल उधळला, हलगी वाजली. आप्पा नारळ आणि शाल घेऊन घरी आले आणि गुलाल न झाडता बराच वेळ ओट्यावर बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी रांजणगावच्या त्या ओळखीच्या माणसाचा फोन आला. सोमवारपासून पोरीला पाठवा म्हणाला असावा. मी दारात उभी होते. आप्पा त्याला म्हणाले, "तिला हितं काम हाय." बस. माझ्याकडं बघितलंही नाही. इतक्या वर्षांत मला कुणी काही बक्षीसबिक्षीस दिलं असेल, पण त्या चार शब्दांची सर कशालाच नाही.

आणि मग तो फोन वाजायचा बंद झाला. तोड संपली, आप्पा निवृत्त, कोण कशाला फोन करील? चार दिवस त्यांनी काही दाखवलं नाही. पाचव्या दिवशी आईला म्हणाले, जरा माझ्या फोनला रिंग दे, बिघडला वाटतं. आईनं दिली. वाजला. त्यांनी खिशातून काढला, बघितला आणि म्हणाले, चालू हाय की. दोन दिवसांनी परत तेच. चिठ्ठ्यांसाठी पहाटेपासून गावाला हवा असलेला माणूस आता कुणालाच नको होता, आणि ते त्यांना असं बटणं दाबून दाबून कळत होतं. आई पदरानं डोळे पुसत आत गेली. मी स्लॅबवर गेले आणि नमुन्यातली शून्यं पुसून आप्पांचा नंबर परत टाकला.

महिन्याभरात फोन सुरू झाले. आप्पांचा चेहरा उजळला. मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटलं. एका दुपारी मी स्लॅबवरून खाली येत होते आणि आप्पा फोनवर होते. कुणीतरी भाड्यानं टेम्पो हवा म्हणून त्यांना फोन केला होता. त्यांनी पान कुणाचं ते विचारून घेतलं होतं, टेम्पोवाल्या पोराचा नंबर स्वतः खटपट करून मिळवला होता आणि आता त्याच्याशीच बोलत होते. पान झकास झालंय, पण तळाला माझा नंबर राहिलाय, तुझं गिऱ्हाईक माझ्याकडं येतंय, असं सांगून म्हणाले, धडा नववा उघड, तितं तिसऱ्या ओळीत दिलंय बघ, माझा खोड आन् तुझा टाक. त्यांना नववा धडा पाठ होता. कधी केला, कुणाकडून वाचून घेतला, मला पत्ता नाही. त्यांना ज्याची भूक लागली होती ते बंद कसं करायचं हे ते एकेकाला स्वतः शिकवत होते.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, आप्पा, सगळ्यांनी खोडला तर तुम्हाला फोन कोण करणार? बोलून गेले आणि जीभ चावली. आप्पांनी माझ्याकडं बघितलं.

"म्हंजी तू मुद्दाम ठेवलायस," ते म्हणाले. "माझ्यापायी लोकाचं गिऱ्हाईक तोडू नको, अर्चू. फोन यावा वाटतो मला, खोटं कशाला बोलू? पण मला करायचा म्हणून कुणी केला तर यावा. चुकून नको."

मला तोंड वर करवेना. ज्यांच्यासाठी मी हंगामभर फुकट राबले म्हणून मिरवत होते त्यांचंच मी नुकसान करत होते, आणि ते मला कळलं कुणाकडून, तर ज्याला पानाच्या तळासाठीचा फूटर हा शब्द नीट म्हणता येत नव्हता त्याच्याकडून. त्याच दिवशी मी नमुन्यातला नंबर काढला आणि नवव्या धड्याच्या शेवटी लिहिलं: पान पूर्ण झालं की वडगाव रासाईच्या आप्पांना फोन करा आणि पान झालं म्हणून सांगा. तळाला तुमचाच नंबर आहे ना, हे विचारूनच ते तुम्हाला पास करतील. खाली त्यांचा नंबर दिला. आप्पांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, पास-नापासाचं काढ, आधी फोन तर येऊ दे. पण मी ते काढलं नाही.

फोन आले. लातूरकडून, जळगावकडून, एकदा तर सुरतेहून. हंगामाच्या दिवसांत जास्त, का ते देव जाणे, बहुतेक सहामाही परीक्षा संपून पोरं मोकळी असायची. आप्पा प्रत्येकाला गाव विचारायचे, पाऊस विचारायचे, पान कशाचं ते विचारायचे आणि शेवटी तळाला कुणाचा नंबर टाकलास ते विचारायचे. त्यांचं रोजचं काम त्यांना परत मिळालं होतं, फक्त टोळी कुठं अडकली ते सांगावं लागत नव्हतं.

आता दिवस बदलले. पान कसं हवं ते चार ओळीत सांगितलं की यंत्र ते करून देतं, मीही शिरूरला बसून तसंच करते, नाही कशाला म्हणू? वाफा आणि बांध कोण शिकत बसणार? माझ्या जुन्या साइटवर दिवसच्या दिवस कुणी फिरकत नाही. परवा घरी आईचं ते बोलणं ऐकल्यावर करुणाताईंना सांगावं असं मी मनात धरलं, तुमच्या अभ्यासिकेतल्या कुणाला तरी आप्पांना फोन करायला सांगा म्हणून. मोबाइल हातात घेतलाही. पण चुकून नको म्हणणाऱ्या माणसाला खोटा फोन तर त्याहून नको. मी मोबाइल ठेवून दिला आणि आईबरोबर शेंगा फोडत बसले.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, दुपारी साडेबाराच्या सुमारास फोन वाजला. आईनं आणि मी एकदम वर बघितलं. आप्पांनी घाई केली नाही. आधी खिशातून मशीन काढून कानात घातलं, मग रबर नीट केलं, मग बटण दाबलं. ऐकू कमी येतं म्हणून त्यांचा फोन स्पीकरवरच असतो.

"आप्पा का?" पलीकडून मुलीचा आवाज आला. "आप्पा, पान झालं."

ती दौंडची होती. करुणाताईंच्या अभ्यासिकेतली. ताई आधी नऊ धडे हातानं करून घेतात, यंत्राला नंतर हात लावू देतात, असं तिनं सांगितलं. पान कशाचं? तर अभ्यासिकेतल्या पोरींनी सोडवलेल्या जुन्या प्रश्नपत्रिका. कुणीही घ्याव्यात, फुकट. आप्पांनी गाव विचारलं, पाऊस विचारला. तिनं सांगितलं की पाऊस बरा झाला. मग आप्पांनी नेहमीचा प्रश्न विचारला, तळाला नंबर कुणाचा टाकलाय?

"वडलांचा," ती म्हणाली.

आप्पांनी मान तिरकी करून फोन कानाजवळ नेला. मला वाटलं त्यांना ऐकू आलं नाही. मी जवळ सरकले, तर त्यांनी मला हातानं थांबवलं.

"पान कुणी केलं?"

"मी केलं, आप्पा."

"मग नंबर बी तुझाच टाक."

ती अडखळली. घरी विचारावं लागंल, म्हणाली.

"विचार. न्हाई म्हणले तर मला फोन करायला सांग त्यांना, मी बोलतो," आप्पा म्हणाले. आणि मग जरा हळू, फोनमध्ये म्हणाले की मला, ते मला अजून ठरवता आलेलं नाही: "माझ्या पोरीला मी तवाच सांगाया पायजे हुतं. राहून गेलं."

फोन ठेवल्यावर त्यांनी मशीन काढून परत खिशात टाकलं आणि शेंगांची पाटी पुढं ओढली. आई माझ्याकडं बघत होती. मी उठून आत गेले, जुनी साइट उघडली आणि तिच्या संपर्काच्या पानावर गेले. तिथं इतक्या वर्षांत नाव नव्हतंच, आणि नंबर होता तो आप्पांचा. मी त्या नंबराच्या वरच्या ओळीत माझं नाव लिहिलं, पूर्ण नाव, आणि नावापुढं माझा नंबर टाकला. आप्पांचा खाली तसाच राहू दिला.